गेटवरची हळद

"आक्का, जरा कडंला उभी र्‍हा. गाडी जाऊ दे," कॉलेजच्या गेटवर उभा असलेला गोटीराम म्हणाला.

मालतीबाई कडेला झाल्या. हातात ओटीचं ताट, त्यात खण, नारळ, हळदकुंकू. मागे सासरहून, जासईहून आलेल्या त्यांच्या जावा. प्राध्यापकांची गाडी आत गेली आणि गेटची दांडी पुन्हा खाली आली. मालतीबाई दांडीकडे बघत राहिल्या. आपला धाकटा भाऊ ती वर उचलत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

"तू मला वलखत नाय काय रं?"

गोटीरामने खिशातून फोन काढला.

हे कॉलेज झालं ते त्यांच्याच गावाच्या भातशेतीवर. जमिनी गेल्या तेव्हा कुणाला गाळा मिळाला, कुणाला नोकरी. गोटीरामला वॉचमनचा गणवेश मिळाला. गावदेवीचा दगड मात्र होता तिथेच, भोकराच्या झाडाखाली राहिला. पुढे त्याच्या अलीकडे मुलींचं वसतिगृह उठलं. तुम्ही यावं-जावं, तुम्हाला कोण अडवतंय, असं तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं आणि गावानेही मान डोलावली. चैत्रातल्या मंगळवारी देवीची पहिली ओटी भरायची ती बाहेर दिलेल्या लेकीने. पुरुषाचा हात त्याला चालत नाही, कुंवार पोरीचाही नाही. मालतीबाईंची आत्या वारल्यापासून हा मान त्यांचा होता.

गोटीरामची मुलगी उन्नती याच कॉलेजात शिकत होती. मागच्या वर्षी ती विद्यार्थी परिषदेची सचिव म्हणून निवडून आली. गावातली पहिलीच. निवडून येऊन ती मिरवली नाही, कामाला लागली. वसतिगृहाच्या मागे कुणीही मोटरसायकल घेऊन फिरायचं. दोरीवर कपडे घालणाऱ्या एका मुलीचं कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं, तेव्हापासून ती मुलगी खोलीबाहेर पडेना. उन्नती तिच्याजवळ बसायची आणि तिथून उठून प्राचार्य साहेबांच्या दारात जायची. एकदा जेवताना तिने बापाला विचारलं, गेटवर नेमकी अडचण काय येते. गोटीरामने सगळं सांगितलं. कोणीही येतो, नाव विचारलं तर अंगावर येतो. उन्नती म्हणाली, पप्पा, हेच तुम्ही मीटिंगमध्ये सांगा.

ज्या हॉलचे दिवे तो रोज मालवायचा, त्या हॉलमध्ये गोटीराम त्या दिवशी खुर्चीवर बसला. साहेब समोर, पोरं सभोवती. लेकीने माईक पुढे धरला. शब्द ठणठणीत आले.

"आतल्याला कार्ड, बाहेरच्याला बंद. कोनासाठी पन सोडायचं नाय. मग तो माझा भाऊ का असंना."

टाळ्या वाजल्या. नियम झाला. घरी येऊन उन्नतीच्या आईला त्याने ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. बाहेरचे म्हणताना मोटरसायकलवाले त्याच्या डोळ्यांपुढे होते. आपलं गाव त्यात येईल हे त्याच्या मनातही आलं नाही. आपल्याच शेताच्या बांधावर माणूस स्वतःला बाहेरचा कसा समजणार?

आता केबिनमधून सुपरवायझर बघत होता. गोटीरामने फोन केला तशी उन्नती वर्गातून धावत आली, आत्याच्या हातातलं ताट बघितलं आणि तशीच साहेबांकडे पळाली. परत आली ती सावकाश. साहेब काही वाईट बोलले नव्हते. नियम तुमच्याच परिषदेचा, ते म्हणाले, पहिल्याच सणाला तूच मोडलास तर उद्या मी कुणाला अडवू? बदल हवा तर पुढच्या सभेत आण. ते खोटं नव्हतं. म्हणून तर तिला भांडता आलं नाही.

"आत्या, आज पास मिळेल. एकीलाच. आधार कार्ड दाखवायचं, सोबत गार्ड येईल."

"गोटीदादा," मागून एक जाऊ म्हणाली, "जासईला जेवायला येशील तवा तुझं पन कार्ड बघू हां."

बायका हसल्या. मग हसू आपोआप विरलं.

मालतीबाईंनी उन्नतीच्या गालावरून हात फिरवला. "बाय, चिखलात भात लावलाय मी हितं. म्हायेरी कोनी लेकीचं कार्ड मागतं काय?"

आवाजात राग नव्हता. असता तर गोटीरामला बरं वाटलं असतं. त्यांनी ताट खाली ठेवलं, चपला काढल्या. बोटं हळदीत बुडवली आणि गेटच्या खांबाला लावली, वर कुंकू लावलं. खण खांबाच्या पायाशी ठेवला. नारळ फुटपाथच्या कडेवर फोडला. आत, भोकराच्या दिशेने हात जोडले. मग खोबऱ्याचा तुकडा भावापुढे धरला.

"घे. ड्युटीवर हायेस, उपाशी नको राहू."

त्याने तो घेतला. सुपरवायझर बघत होता म्हणून खाल्ला नाही, मुठीत ठेवला. बायका रस्त्याकडे वळल्या तरी मूठ तशीच होती.

उन्नतीने पुढच्या सभेत विषय मांडला. भांडली, हरली, पुन्हा मांडला. अखेर ठराव झाला की चैत्रातल्या त्या मंगळवारी जुन्या गावच्या बायकांना कार्ड लागणार नाही.

पुन्हा चैत्र आला. गोटीराम इस्त्रीचा गणवेश घालून सकाळीच हजर झाला. दांडी वर केली, गेटची दोन्ही दारं उघडून ठेवली. ऊन चढलं तरी कोणी येईना, तेव्हा त्याने फोन लावला.

"गुडघं दुखतात रं," मालतीबाई म्हणाल्या. आठवड्याच्या बाजाराला त्या अजूनही चालत जायच्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. "हितंच देवीचा एक दगड मांडलाय आमी. सगल्या तिथंच जातात. तू उन्हात नको थांबूस."

उन्नती शेजारी येऊन उभी राहिली होती. "पप्पा, मी चुकले का?"

"नाय," तो म्हणाला. "पोरी आता निवांत कपडे वाळत घालतात. मी बघतो ना."

ती वर्गात गेली. तो आणखी थोडा वेळ थांबला.

मधे कॉलेज तपासायला कमिटी यायची होती म्हणून गेट रंगवलं होतं. तेव्हा रंगाऱ्याच्या हातापाया पडून त्याने खांबावरची हळदीची वीतभर जागा सोडायला लावली होती. पुढे पावसाने हळद नेली, जुना रंग उडाला आणि तिथल्या लोखंडाला गंज चढला. दुपारी गेट ओढून घेताना त्याचा हात नेमका तिथे पडला. तळहाताला लाल भुकटी लागली. ती न पुसता तो खुर्चीवर जाऊन बसला.