गोणपाटावरचे वर्तुळ

पहिला डार्ट खडूच्या वर्तुळाबाहेर रुतला. दुसरा त्याच्याही खाली. सदाशिवने बंदूक उतरवली आणि भुशाने भरलेल्या गोणपाटाकडे असे पाहिले, जणू तेच जागचे सरकले असावे.

"डार्ट बदलू का, काका?" हिमानीने विचारले.

"बदल. ह्याचा गोंडा जड झाला आसंल."

डार्ट म्हणजे उडते इंजेक्शन. पुढे सुई, पोटात गुंगीचे औषध आणि मागे लोकरीचा गोंडा. बाणाला पिसे असतात ना, तसा. गोंडा वाकडा असला की डार्ट हवेत डुलतो. म्हणून औषधाआधी तेवढेच पाणी भरायचे, गोणपाटावर मारून पाहायचे आणि सरळ जाईल तोच डार्ट निवडायचा. साताऱ्याहून लष्करात, तिथल्या घोड्यांच्या दवाखान्यात आणि निवृत्तीनंतर जयपूरच्या या प्राणी बचाव पथकात, सदाशिवने कुठलेच काम पारखल्याशिवाय केले नव्हते.

नाहरगडच्या डोंगरावरून उतरलेली एक सांबरमादी विद्याधर नगरातल्या शाळेच्या आवारात अडकली होती. रविवार होता, शाळा बंद होती. धुके इतके दाट की पलीकडची घसरगुंडी आणि झोपाळे पाण्यात बुडाल्यासारखे दिसत होते. त्यांच्यामध्ये ती उभी होती, कान तेवढे हलवत. पोट खाली ओघळलेले. गाभण होती. डार्ट मागच्या मांडीच्या जाड मांसातच बसायला हवा होता. चार बोटे पुढे गेला, तर पोटात.

सदाशिवने तिसरा डार्ट मारला. तोही बाहेर.

"दादा, आज हवा तेज है," वनरक्षक चंदन म्हणाला.

लिंबाचे पानही हलत नव्हते. चंदनला ते दिसत होते आणि सदाशिवलाही.

"मतलब, बंदुकीचं प्रेशर थोडं वाढवूया का?" हिमानी म्हणाली. "थंडीत कमी पडत असेल." ती पथकाची डॉक्टर. जयपुरातच जन्मलेली. तिचे मराठी अडखळायचे, पण गोंडे तपासणे, गोणपाट बांधणे सगळे ती सदाशिवकडून मन लावून शिकली होती.

"वाढवलं तर नुसतं जोरात लागंल. नीट न्हाई लागायचं." सदाशिव थोडा थांबला. "हेच तीन डार्ट आता तू मार."

"हे तर खराब निघाले ना?"

"म्हणूनच मार."

तिने ते उपटून आणले आणि मारले. वर्तुळाच्या मधोमध तीन लाल गोंडे फांदीवरच्या पाखरांसारखे एकमेकांना खेटून बसले.

सदाशिव डार्ट काढायला गेला. जवळून वर्तुळ किती स्वच्छ होते! लांबून त्याला दोन कडा दिसल्या होत्या. घरी बायको, भागुबाई, म्हणायची, "डोळं दाखवून या, न्हाईतर एक दिवस मलाच डार्ट माराल." तो म्हणायचा, "मारतो की. तेवढीच गप झोपशील." दोघेही हसायचे आणि डॉक्टर राहून जायचा.

तो परत आला. "हवा नहीं है, चंदन," तो शांतपणे म्हणाला. "आज मॅडम मारेंगी."

चंदनने मान खाली घातली. सदाशिवने औषध भरले, सुई पुसली आणि बंदूक हिमानीच्या हातात दिली.

"काका, पोटात लागला तर?"

"न्हाई लागायचा. श्वास सोड. सगळा सुटला, की मग बोट दाब. ती कुठं पळतीया? तिलाबी झोप आलीया."

फट् असा हलका आवाज झाला. मादी दचकली, चार पावले चालली. मग झोपाळ्यांपाशी तिचे पाय हळूहळू दुमडले आणि ती खाली बसली.

"लागला कुठं?" सदाशिवने विचारले. त्याला तेवढे दिसले नव्हते.

"मांडीत, काका. एकदम मधे."

तो चालत गेला. तिच्या डोळ्यांवर फडके बांधून त्याने तिचे डोके मांडीवर घेतले. गुंगीत मान खाली पडली तर जनावर गुदमरते. तिला पथकाच्या गाडीत चढवल्यावरही, डोंगराच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत तो तसाच बसून होता. कान थोपटत, कुणाला तरी गोष्ट सांगावी तसे काहीबाही पुटपुटत.

पायथ्याशी तिला अलगद खाली घेतले, तेव्हाही डोके त्याच्याच मांडीवर होते. हिमानीने उताऱ्याचे इंजेक्शन दिले. "काका, बाजूला व्हा. उठेल ती आता."

त्याने फडके सोडले. मादी धडपडत उठली, क्षणभर उभी राहिली आणि धोक नावाच्या डोंगरी झाडांत शिरली. एक फांदी हलली, मग तीही थांबली.

"चला ना काका, चहा घेऊ. चंदन भैया थांबलाय."

"व्हा म्होरं. आलोच."

तो दगडावर बसला. खाकी पँटवर, मांडीपाशी, तिच्या श्वासाने ओला झालेला डाग होता. अजून ऊबदार. वारा सुटू लागला होता. सदाशिवने त्यावर तळहात झाकून धरला.