आणखी अर्धा पीळ

मी एक जुना ब्रॅकेट आहे. नाव ऐकून तुमच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, हे मला दिसतंय. त्यात तुमचा दोष नाही, मित्रांनो. मोटारसायकल म्हटली की लोक इंजिनाचं कौतुक करतात, रंगाचं करतात, हॉर्नचंसुद्धा करतात. पण चालवणाऱ्याच्या तोंडासमोर जी पारदर्शक काच उभी असते ती कोणाच्या जिवावर उभी आहे, असं कधी कोणी विचारत नाही. ती माझ्या आणि माझ्या जुळ्या भावाच्या जिवावर उभी असते. मी डावा, तो उजवा.

आमचा जन्म एकाच साच्यातला. वितळलेलं ॲल्युमिनियम ओतलं, थंड केलं, कडा घासल्या, काळा रंग चढवला की झालो आम्ही तयार. आम्हाला गाडीवर बसवताना कारागिराने बोल्टाखाली रबराची एकेक जाड चकती घातली. रस्त्याचे हादरे ती चकती पोटात घेते, म्हणून आमच्यासारख्या ठिसूळ हाडाच्यांचा निभाव लागतो. ही चकती लक्षात ठेवा, कारण घरात तिची आठवण कोणालाच राहिली नाही.

गाडी ज्याने हौसेने घेतली तो तरुण आजारपणात गेला. मागे राहिले त्याची बायको आणि त्याचे वडील. बायको घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने घेते. खांद्याला थंड पेटी लावून ती सकाळीच याच गाडीवरून निघते, कारण लोक उपाशीपोटी तिची वाट पाहत असतात. वडिलांना सगळी गल्ली बाबा म्हणते, मीही तेच म्हणतो.

बाबांचं सगळं आयुष्य एका कारखान्याच्या बॉयलरवर गेलं. तिथे एखादा सांधा सैल राहिला की वाफ सुटते आणि समोरचा माणूस भाजून निघतो. त्यामुळे दिसेल ते आवळायचं, ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली. घरातल्या एकाही बरणीचं झाकण त्यांच्याशिवाय कोणाला उघडत नाही. शेजारीण थट्टेने म्हणायची, "तुमच्याकडे चोर आला ना, तर साखरेच्या बरणीशी झटतच सकाळ करेल!"

मुलगा गेल्यापासून बाबांनी एक नवा नेम धरला. सूनबाई निघण्याआधी ते पाना घेऊन अंगणात यायचे आणि आमच्या बोल्टांना अर्धा अर्धा पीळ द्यायचे. "घट्ट असलेलं बरं," असं स्वतःशीच पुटपुटायचे. गेलेल्या मुलाला धरून ठेवणं त्यांच्या हाती नव्हतं, निदान सुनेची काच तरी ते धरून ठेवत होते. मला ते कळत होतं आणि म्हणूनच त्या पान्याचा मला राग येत नव्हता, भीती वाटत होती.

रोजच्या त्या अर्ध्या पिळाने रबराची चकती चेपत चेपत कागदाएवढी पातळ झाली. मग रस्त्याचा प्रत्येक खड्डा सरळ माझ्या अंगात शिरू लागला. एक दिवस माझ्या कोपऱ्यात केसासारखा तडा गेला. मी ओरडू शकत नाही. मी फक्त थरथरतो आणि इंजिन चालू असलं की ती थरथर कोणाच्या लक्षात येत नाही.

नदीवरच्या लांब पुलावर मी तुटलो. समोरून मालट्रक आला, त्याच्या वाऱ्याचा तडाखा बसला आणि काच एका बाजूने निखळून सूनबाईच्या गळ्याकडे झुकली. तिने एका हाताने काच अडवली, दुसऱ्या हाताने गाडी कशीबशी कठड्याला लावली. हेल्मेट काढलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. रक्त घेताना दंडाला बांधायचा रबरी पट्टा तिने पेटीतून काढला आणि मला हँडलशी करकचून बांधलं.

शोरूममधला माणूस म्हणाला, "मॅडम, ब्रॅकेट सुटा येत नाही. काचेसकट पूर्ण सेट घ्यावा लागेल." किंमत ऐकून ती म्हणाली, "अहो, काच बसवायची आहे, देव्हारा नाही मढवायचा!" आणि तशीच घरी आली.

बाबा म्हणाले, "दुकान कशाला हवंय? मी आहे ना."

दोघं मागच्या पायरीवर बसली. बाबांनी तुटल्या जागेपासून माझ्या अंगात शिरलेल्या तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे पळायचा थांबतो. जुन्या खिडकीच्या चौकटीतली ॲल्युमिनियमची पट्टी कापून कानशीने घासली, मागून लावली, दोन बारीक बोल्टांनी जखडली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच ते कसलीशी चाल गुणगुणत होते. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, इतक्या मायेने मला कोणी कधी हातात घेतलं नव्हतं.

तेवढ्यात सूनबाईने माझ्या बोल्टाखालची चकती काढून तळहातावर ठेवली. चेपून चेपून तिचा पापड झाला होता. बोल्टाचे कोपरे पान्याने झिजून गोल झाले होते. तिने चकतीकडे पाहिलं, बोल्टाकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. तिला सगळं उमगलं.

बाबा मात्र मान हलवत म्हणाले, "सैल राहिला गं, म्हणूनच तुटला. माझीच चूक. अजून अर्धा पीळ द्यायला हवा होता."



सूनबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं, तेही सांगतो. पूर्वी एकदा ती सहज बोलून गेली होती, "बाबा, तुमच्या आवळण्याने नळ बिघडला." त्यानंतर कितीतरी दिवस बाबा हात मांडीवर ठेवून नुसते बसून होते. कशालाच शिवले नाहीत, धड जेवलेही नाहीत. ते बसणं पुन्हा बघायची तिची छाती नव्हती. म्हणून तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून आम्हा दोघा भावांखाली नव्या चकत्या घातल्या आणि एवढंच म्हणाली, "बाबा, हा डावा आता नाजूक झालाय. याला अजिबात हात लावायचा नाही. शब्द द्या."

बाबांनी शब्द दिला. तो त्यांनी तंतोतंत पाळला आणि तिथेच घात झाला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाट्याचा पीळही ते उजव्याला देऊ लागले.

सूनबाईने ते खिडकीतून पाहिलं. लगबगीने बाहेर आली. बाबा लहान मुलासारखे म्हणाले, "डाव्याला बोटसुद्धा लावलं नाही हं!" ती हसली आणि गाडी काढून निघून गेली.

आम्हा भावांना जोडणारी एक आडवी दांडी आहे. उजव्याला काही झालं की तिच्यातून मला कळतं. परवा पुलावर ते मला कळलं. त्याला तडा गेलाय आणि तो खालच्या अंगाला आहे, जिथे कोणी वाकून बघत नाही. काच थरथरल्यासारखी वाटली म्हणून सूनबाईने गाडी थांबवली, वरून बोट फिरवलं, तिला काही सापडलं नाही. पण ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, "आज संध्याकाळी सांगते त्यांना." संध्याकाळी बाबा दारात तिची वाट बघत उभे होते. तिने सांगितलं नाही.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला नेहमीच सांगतात. मी दुसरं काही मागतो. तुमच्या घरात कोणी प्रेमापोटी चुकीचं काही करत असेल, तर जवळ बसा, हात हातात घ्या आणि सांगा. त्यांना वाईट वाटेल, दोन दिवस अबोला धरतील, धरू द्या. तुम्हाला तोंड आहे. मला असतं, तर मी एव्हाना सगळी गल्ली गोळा केली असती.

आज सकाळ झाली आहे. पेटी खांद्याला लावून सूनबाई अंगणात आली आहे. बाबा उजवीकडे वाकले आहेत.

"बाबा," ती म्हणाली.

पाना थांबला. बाबांनी वर पाहिलं. "काय गं?"

ती बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

"औषध घेतलंत ना?"

"घेतलं. तू जा निर्धास्त," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाना पुन्हा बोल्टाला लावला.