डाव्या हातावरचा डांस

"ताई, घाटावर डांस फार झालेत, अण्णांना बाहेर बसवता येत नाही," असं मुकुलने फोनवर सांगितलं होतं. पुण्यात देवश्रीने ऐकलं ते डास. त्यामुळे बनारसला उतरली ती डासांच्या मलमाच्या नळ्यांनी भरलेली पिशवी घेऊन. घोटाळा एका अनुस्वाराचा होता. त्या दोघा भावंडांच्या वडिलांनी, म्हणजे दत्तात्रेयशास्त्री अण्णांनी, ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत जन्मभर मुलांचे अनुस्वारच दुरुस्त केले होते. पण घरच्यांचे राहून जातात.

"डांस म्हणजे मच्छर नव्हेत गं," मुकुल म्हणाला. "म्हशींच्या मागे येतात ना, त्या माशा. कपड्यावरून काटतात."

"मग मराठीत सांगायचं होतंस."

"मराठीतच सांगितलं की." मुकुल रेल्वेत नोकरीला होता. दिवसभर हिंदी बोलून घरी आल्यावर जी उरेल, तिला तो मराठी म्हणत असे.

अण्णांना भाद्रपदात अर्धांगवायूचा झटका आला होता. डावी बाजू गेली, वाचा राहिली. दिवाळीपर्यंत हाताला काही कळू लागलं तर इथेच व्यायाम चालू ठेवा, नाहीतर पुण्याला मोठ्या इस्पितळात न्या, असं डॉक्टर म्हणाले होते. दर खेपेला ते टाचणी टोचून विचारत, आणि अण्णा डोळे मिटून प्रामाणिकपणे सांगत, "कळत नाही." खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. दारात आलेल्या माणसाला "थांबा की जेवायला" असं वरवरचं म्हणणंही नाही. घरी पाहुणे कमी येत ते त्यामुळेच.

आई गेल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. प्राण जाईपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही. देवश्रीला व्रताचा आदर होता आणि बुधवारच्या गाडीची तिकिटंही तिच्यापाशी होती. आईच्या वेळी ती पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. या वेळी तिला उशीर करायचा नव्हता.

"जायच्या आधी एकदा घाटावर बसवा," अण्णा म्हणाले. आवाजात हट्ट नव्हता, म्हणून कुणालाच नाही म्हणता आलं नाही.

खुर्चीची एक बाजू मुकुलने धरली, दुसरी गल्लीतल्या दूधवाल्याने. डांस त्याच्याच म्हशींबरोबर आले होते. पण त्या बाबतीत तो निर्विकार होता. पुराचं पाणी उतरलं होतं आणि खालच्या पायऱ्यांवर गाळ साचला होता. गाळापलीकडे म्हशी पाण्यात बसल्या होत्या. खुर्ची वरच्या टप्प्यावर ठेवून दूधवाला त्यांच्याकडे गेला.

देवश्रीने अण्णांच्या दोन्ही हातांना मलम चोपडलं. पहिला डांस येऊन त्या मलमावरच बसला. मुकुलने गमछ्याने तो उडवला, तर तो देवश्रीच्या दंडाला चावला. तिने मारलेली चापट तिलाच लागली. दंडावर रक्ताचा थेंब आला.

"जीव घेतात रे मेले."

"सांगत होतो."

अण्णांनी संध्येला सुरुवात केली. डावा हात मांडीवर ठेवलेला असल्यामुळे पळीने पाणी घालायचं काम मुकुलकडे होतं. आचमन केव्हा केव्हा करायचं ते मुंजीनंतर अण्णांनी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. झोपून उठल्यावर, शिंकल्यावर, जेवल्यावर, थुंकल्यावर, खोटं बोलल्यावर. देवश्रीला हे शिकवलेलं नव्हतं. मुलींना त्याची गरज नाही, असा तेव्हा समज होता.

संध्या आटोपली. देवश्री खुर्चीशी टेकून बसली. "अण्णा, बुधवारी निघायचं हं. तिथे बरे झालात की मी स्वतः परत आणून सोडीन."

अण्णा पाण्याकडे पाहत राहिले. "देवू, परत आणायचं म्हणतेस ते कशातून?"

आईच्या अस्थींचा तांब्याचा कलश तिघांच्याही डोळ्यांपुढे आला असावा.

तेवढ्यात एक डांस अण्णांच्या डाव्या मनगटावर बसला. मुकुलने गमछा उचलला आणि थांबला. अण्णा त्या डांसाकडे पाहत होते. वर्गात एखादा विद्यार्थी अडला की ते असंच पाहत, न बोलता, वाट बघत. डांस नीट बसला. रक्त पिऊन उडाला. मागे लाल थेंब उरला. त्यानंतर अण्णा म्हणाले, "स्स. चावला."

देवश्री ताडकन उठली. "कळलं? अण्णा, हाताला कळलं?"

"आग होते आहे," अण्णा म्हणाले. उच्चार स्वच्छ होता.

डांस चावला की माणूस आधी ओरडतो आणि मग बघतो. अण्णांनी आधी बघितलं होतं. शिवाय दुसरा डांस त्यांच्या डाव्या घोट्यामागे कधीचा बसला होता, त्यांना दिसणार नाही अशा जागी. तो सावकाश पीत होता आणि त्याबद्दल अण्णांची काही तक्रार नव्हती.

"मुकुल, तू पाहिलंस ना?" देवश्रीचे डोळे भरले होते. "दचकले ना ते?"

मुकुलला पुण्याचं इस्पितळ दिसलं. तिथे कदाचित हात सुधारला असता. कदाचित नसताही. मग त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णा त्याच्याकडे पाहत नव्हते. त्याला खूण करणं किंवा विनवणं त्यांनी टाळलं होतं. जे करायचं ते एकट्याने केलं होतं.

"हो," मुकुल म्हणाला. "चांगलेच दचकले." तोवर घोट्यावरचा डांस उडाला होता; गमछा टाकून त्याने तिथला थेंब झाकला.

देवश्रीने डॉक्टरांना फोन लावला. मग तिकिटं रद्द करायचं बघायला लागली. मध्येच डोळे पुसत होती, मध्येच दंड खाजवत होती.

"मुकुल," अण्णा हलकेच म्हणाले, "पाणी घाल."

"तहान लागली का?" देवश्रीने विचारलं.

"आचमन," अण्णा म्हणाले.

"आत्ताच तर केलंत."

अण्णांनी उजवा तळवा पुढे केला. मुकुलने पळीभर पाणी घातलं. अण्णांनी ते डोळे मिटून प्राशन केलं. मग मुकुलने पळी पुन्हा बुडवली आणि आपल्या तळव्यावर पाणी घेतलं.

"आणि तुला काय झालं रे?" देवश्री म्हणाली.

"काही नाही," मुकुल म्हणाला, आणि त्याने आणखी एक पळी घेतली.