वल्लरीबाईंचा परिचय

रेक्टरबाईंनी पत्र लिहिलं ते लिहिलं, पण पोस्टकार्डावर लिहिलं, हा राग संयोगिताच्या मनातून कधीच गेला नाही. पाकीट घ्यायला काय धाड भरली होती? ‘आपली कन्या अभ्यास सोडून प्रेमाच्या कादंबऱ्या वाचते, वेळीच लक्ष घालावे’ हा मजकूर सांगलीहून निघाला, तो आधी उंब्रजच्या पोस्टात वाचला गेला. मग पोस्टमननं वाटेत दोन ओट्यांवर टेकून वाचून दाखवला, आणि मग कुठं तो तिच्या वडिलांच्या हातात पडला. म्हणजे हवालदार नानासोंना कळायच्या आधी अख्ख्या गावाला कळलं होतं, की त्यांची पोरगी सांगलीत काय दिवे लावतेय.

नानासोंनी वीस वर्षं फौजेत काढलेली. उशीर करणं त्यांना माहीत नव्हतं. पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटेची गाडी धरून, कराडला गाडी बदलून, साडेनऊला ते मुलींच्या वसतिगृहाच्या दारात उभे. “ट्रंक भर,” एवढंच म्हणाले. का, असं संयोगितानं विचारलं, तेव्हा खिशातून कार्ड काढून तिच्या डोळ्यांपुढं धरलं आणि परत खिशात घातलं.

आणि दिवस नेमका कुठला? १९९५ सालच्या ऑगस्टमधला तो शनिवार, ज्याची ती महिनाभर वाट बघत होती. त्या दिवशी दुपारी बारा वाजता कॉलेजच्या वाङ्मय मंडळाचं उद्घाटन होतं, पाहुण्या म्हणून खुद्द वल्लरी येणार होत्या आणि त्यांचा परिचय संयोगिता करून देणार होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या खेड्यातल्या मुलीला असा मान कोण देतो? पण मराठीत ती पहिली आली होती, त्यामुळं कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं.

आता ही वल्लरी कोण, ते सांगायला हवं. लायब्ररीच्या कपाटात अगदी खालच्या फळीवर, मागं ढकललेल्या, कडा दुमडलेल्या, पानांना हळदीचे नि तेलाचे डाग पडलेल्या ज्या पातळ कादंबऱ्या असतात ना, त्यांच्यावर आडनावाशिवाय नुसतं ‘वल्लरी’ असायचं. कॉलेजात जाणाऱ्या, नोकरीला लागणाऱ्या पोरींच्या गोष्टी. मास्तर लोक नाकं मुरडायचे आणि पोरी रांगा लावायच्या. उंब्रजच्या वाचनालयात बायकामुलींना कार्ड मिळत नसे, घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर पुस्तक न्यायचं. संयोगिताचे वडील तेव्हा सरहद्दीवर. तिनं त्यांच्या कार्डावर दहावी-बारावीच्या काळात वल्लरीबाईंच्या अकराच्या अकरा कादंबऱ्या वाचल्या, काही तर तीन-तीनदा. गंमत अशी झाली की पुढं नानासो सुटीवर आले, तेव्हा वाचनालयाच्या वर्धापनदिनी रजिस्टर बघून कमिटीनं त्यांनाच शाल-नारळ दिला. ‘आदर्श वाचक’. पोरीनं आपल्या नावावर अभ्यासाची पुस्तकं नेली असतील, असं समजून त्यांनी छाती फुगवून तो घेतला. संयोगिता बायकांच्यात बसून ओढणी तोंडात कोंबून हसत होती.

सांगलीला आल्यावर तिला कळलं, की ही आवड काही तिच्या एकटीची नाही. मंडळाला पाहुणा कोण बोलवायचा, यासाठी प्राचार्यांनी मुलींकडून चिठ्ठ्या मागवल्या. त्यांना वाटलं, पोरी कुणीतरी भारदस्त नाव देतील. दोनशे साठ चिठ्ठ्यांपैकी दोनशे बारा निघाल्या वल्लरीच्या. शब्द दिला होता, आता मागं कसं फिरणार? मग मराठीचे आफळे सर कामाला लागले. गोपाळकृष्ण आफळे मूळ वाईचे, बोलणं साखरेत घोळवलेलं, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी शोध लावला की वल्लरी म्हणजे मिरजेच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, लीलाबाई. मिरजेत दवाखाने काय थोडे आहेत, तरी सरांनी बरोब्बर शोधून काढलं. आणि परिचयाचा कागदही स्वतःच लिहून काढला.

नानासो आल्याचं कळताच सर वसतिगृहात आले. त्यांनी नानासोंना चहा पाजला, हवालदारसाहेब हवालदारसाहेब करत खुर्चीत बसवलं. मुलगी हुशार आहे, वाया गेलेली नाही, कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापलंय, तेवढं तिचं बोलणं ऐका आणि मग काय ते ठरवा, असं त्यांच्या गळी उतरवलं. मग संयोगिताला व्हरांड्यात बोलावून तो कागद तिच्या हातात दिला.

“हे एवढं वाचायचं,” ते म्हणाले. “एक शब्द इकडचा तिकडं नको. नीट वाचलंस तर तुझ्या वडिलांना मी समजावतो. ते माझं ऐकतील. नाहीतर मला मध्ये पडता येणार नाही.”

सौदा अगदी स्वच्छ होता. कागद वाचला तर सांगली, नाही वाचला तर उंब्रज. आणि उंब्रज म्हणजे काय, ते तिला पक्कं माहीत होतं. पोस्टकार्डानंतर तर घरचे श्वाससुद्धा घेणार नव्हते. तुळशीचं लग्न लागलं की पाठोपाठ हिचं. कागदावर आठ ओळी होत्या. रुग्णसेवेचं व्रत, निष्कलंक सेवेची चौतीस वर्षं, साधी राहणी, आणि शेवटच्या ओळीत ‘फावल्या वेळात काही लेखन’. कादंबरी हा शब्दच नव्हता. प्रेम तर लांबच राहिलं. तरी संयोगितानं मनाशी ठरवलं, की वाचून टाकायचं. आठ ओळींनी काय होतंय? पुढची दीड वर्षं पदरात पडतील, डिग्री होईल. जिवाला एवढं लावून घ्यायचं कशाला.

पावणेबाराला वल्लरीबाई आल्या. एकट्याच, मिरजेहून सिटी बसनं. पाहुण्यांना आणायला गाडी पाठवायची राहूनच गेली होती म्हणे. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, धुवट पांढरी साडी, हातात भाजीची वाटावी अशी कापडी पिशवी. संयोगिताच्या डोळ्यांपुढं कुणीतरी उंच, रेशमी साडीतली बाई होती. ती क्षणभर हिरमुसली, खोटं कशाला सांगा. तिनं पाणी दिलं. बाईंनी ते एका दमात संपवलं आणि विचारलं, माझ्याबद्दल काय सांगणारेस गं? संयोगितानं कागद पुढं केला.

बाईंनी तो डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला आणि घडी घालून परत दिला.

“बरोबर आहे सगळं,” त्या म्हणाल्या. “होतेच मी नर्स.”

कपाळाला आठीसुद्धा पडली नाही हो. कुठंही गेलं तरी आपल्याला असंच कोपऱ्यात बसवणार, हे बाईंनी कधीच गिळून टाकलेलं होतं, आणि तेच संयोगिताला सहन होईना. ज्या बाईनं आपल्याला मान वर करायला शिकवलं, ती स्वतः खाली मान घालून बसलीय? तिचं डोकंच फिरलं. सभागृहात ती गेली, तेव्हा कागद हातात होता, पण वाचायचा की नाही ते आता तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

सभागृह खच्चून भरलं होतं. शेवटच्या रांगेत दाराशेजारी नानासो, गुडघ्याला लागून ती हिरवी ट्रंक. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. मग तिचं नाव पुकारलं. ती माइकपाशी गेली आणि तिनं पहिली ओळ वाचली. रुग्णसेवेचं व्रत घेतलेल्या, वगैरे. आफळे सरांनी समाधानानं मान हलवली. दुसऱ्या ओळीवर ती थांबली.

“सरांनी हे लिहून दिलंय,” ती म्हणाली, “आणि ते खरंच आहे. पण हा सिस्टर लीलाबाईंचा परिचय झाला. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या त्या वल्लरीबाईंसाठी. त्यांना मी ओळखते, म्हणून त्यांचा परिचय माझा मी करून देते.”

मग तिनं सांगायला सुरुवात केली. अकरा कादंबऱ्यांची नावं एका दमात घेतली. कुठली मक्यात बसून वाचली, कुठली माळवदावर मिरच्या राखताना, कुठली गोठ्यात म्हशीच्या आडोशाला, तेही सांगितलं. पोरी हसायला लागल्या. सरांनी टेबलावरची बेल वाजवली. ती त्यांच्याकडं वळून शांतपणे म्हणाली, सर, बेल वाजवा तुम्ही, पण मी थांबायची नाही.

“आम्हाला अभ्यासाला आजवर जेवढ्या गोष्टी लागल्या, त्यात मुलगी प्रेमात पडली की मरते. कुणी नदीत जाते, कुणी औषध पिते, कुणी झुरून झुरून संपते. लिहिणाऱ्याला तिचं दुसरं काही करताच येत नाही. वल्लरीबाईंच्या पुस्तकात एकही मुलगी मरत नाही. एक परीक्षेत नापास होते आणि ऑक्टोबरला पास होते. एकीचं ज्याच्यावर प्रेम असतं तो मुलगा भित्रा निघतो, पळून जातो. ती आठ दिवस रडते आणि नवव्या दिवशी टायपिंगच्या क्लासला जाते. एकीला घरचे कोंडतात, तर ती मामाला पत्र लिहिते. याला तुम्ही वाह्यात म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा. मला हे दुसऱ्या कुणीच शिकवलेलं नाही.”

बेल पुन्हा वाजली. या वेळी कुणी हसलं नाही. संयोगितानं शेवटच्या रांगेकडं बघितलं. आतापर्यंत ती पुस्तकी बोलत होती. पुढचं बोलणं उंब्रजचं आलं, आपोआप आलं.

“मला एक आत्या हुती. राहीबाई. आमच्या घरात तिचं नाव काढत न्हाईत. माझ्या आईनं मला चोरून सांगितलं. सतरा वर्साची हुती. गुऱ्हाळावर कामाला आलेल्या पोराशी बोलताना तिला घरच्यांनी बघितलं. एवढंच. अजून कुनी हात बी लावला न्हवता, तवर ती हिरीत गेली. तिला वाटलं, आता हेच करायचं असतंय. दुसरं काय करता येतंय, हे तिला कुनी सांगितलंच न्हवतं. वल्लरीबाईंचं एक पुस्तक जरी तिला घावलं असतं, तर माझी आत्या आज जिती असती. हा माझा परिचय. बसते मी.”

टाळ्या किती वेळ चालल्या, ते तिला कळलंच नाही. वल्लरीबाई उठल्या, चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, आणि मग चांगला अर्धा तास बोलल्या. रात्रपाळीत सलाइनच्या बाटल्या बदलता बदलता केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर कशी पानं लिहायची, मेट्रननं दोनदा कशी फाडली, तिसऱ्यांदा मेट्रननंच पुढचं पान कसं मागितलं, असलं काहीबाही. पोरी खिदळत होत्या. जाताना बाईंनी संयोगिताचा दंड घट्ट दाबला. तेवढंच.

आफळे सर मात्र बोलले. नानासोंना गाठून, तितक्याच गोड आवाजात ते म्हणाले, की मी शब्द टाकणार होतो हवालदारसाहेब, पण आपण स्वतःच ऐकलंत, आता माझा इलाज नाही. घरचं असं चारचौघांत काढणारी मुलगी घरीच बरी. नानासोंनी त्यांना हात जोडले, ट्रंक खांद्यावर घेतली आणि फाटकाची वाट धरली.

संयोगिता त्यांच्या मागोमाग गेली. चारशे माणसांपुढं बोलणं सोपं होतं, हे तिला आता कळलं. पुढं चाललेल्या एका पाठीशी बोलणं अवघड होतं.

“आबा, मी येत न्हाई,” ती म्हणाली. “वडून न्या, मारा, काय बी करा. मी माझ्या पायानं येनार न्हाई.”

नानासो थांबले. फाटकाबाहेर रिक्षावाले ओरडत होते, आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. ट्रंक अजून खांद्यावरच. ते वळले, तेव्हा तिला वाटलं, आता मुस्काटात बसणार. तिनं डोळे मिटले नाहीत. बघू तरी काय होतंय ते, म्हणून बघत राहिली.

“तू बोललीस त्यात चूक हाय एक,” नानासो म्हणाले.

“कंची?”

“पुस्तक घावून काय उपेग न्हवता.” त्यांचा आवाज एवढा बारीक तिनं कधी ऐकला नव्हता. “राहीला वाचाय येत न्हवतं. दुसरीत हुती. घरी म्हसरं झाली, कुनीतरी त्यांच्या मागं जायला पायजे हुतं. बाबा म्हनले, नाना, तू जा. मी रडून गोंधळ घातला. म्हनलं, मी शाळा सोडनार न्हाई, राहीला काढा.”

त्यांनी ट्रंक खांद्यावरून उतरवली आणि फाटकालगतच्या वसतिगृहाच्या पायरीवर नीट कडेला ठेवली. मग टोपी सारखी केली आणि एकटेच स्टँडकडं चालू लागले.