सिद्धबाबांचं वाकडं तोंड

गुरुवारी सकाळी अकराला गोजरबाईच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. केदारखेड्याहून माणसं पायी आली होती, भोकरदनकडून दोन जीपा भरून आल्या होत्या, आणि नारळवाल्यानं तर थेट गोजरबाईच्या ओट्यावरच दुकान मांडलं होतं. सगळ्यांच्या माना आतल्या खोलीकडं वळलेल्या. तिथल्या पांढऱ्या भिंतीवर एका म्हाताऱ्याचा चेहरा उमटला होता. भरघोस दाढी, बारीक डोळे, डोक्याला काहीतरी घट्ट बसवलेलं, आणि तोंड एका बाजूला वाकडं.

"कुलूपबंद घरात प्रकट झाले," राधेश्याम महाराज सांगत होते. "ब्रशचा फटकारा न्हाई, पेन्सिलची रेघ न्हाई. बोटानं चोळून पाहा, बिलकुल निघत न्हाई. हे माझे गुरू, सिद्धबाबा. हुबेहूब."

सिद्धबाबांना आमच्या गावात कुणीही पाहिलेलं नव्हतं. त्यामुळं हुबेहूब म्हणायला कुणालाच अडचण आली नाही.

मी अंगद पेंटर. तीस वर्षं या भागातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला आणि माझे ब्रश वाळून गेले. गणपतीच्या मूर्तीला, मोटारसायकलच्या टाकीला एअरब्रशचं काम मिळतं असं ऐकलं, म्हणून एकावन्नाव्या वर्षी तो शिकायला बसलो. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी बंदूक. कंप्रेसरची हवा तिच्यातून रंगाचा बारीक फवारा उडवते, ती स्वतः कशालाच टेकत नाही. शिकवणारा इथं कोण भेटणार? जालन्याच्या रद्दीवाल्याकडून दोन पुस्तकं उचलली, एक हिंदी, एक इंग्रजी. इंग्रजी मला निम्मंच कळतं, पण चित्रं पूर्ण कळतात.

तर 'ब्रशचा फटकारा न्हाई' हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

गोजरबाई कोपऱ्यात बसून भांडी पोत्यात भरत होती. ती माझी शेजारीण, मी तिला मावशी म्हणतो. नवरा जाऊन तिला चार वर्षं झाली. लेकीच्या बाळंतपणाला ती पंधरा दिवस आष्टीला गेली होती. परत येऊन कुलूप उघडलं तर भिंतीवर हा म्हातारा. दुसऱ्याच दिवशी तिचा दीर भुजंग हा राधेश्याम महाराजांना घेऊन आला, आणि महाराजांनी निकाल दिला: देवाच्या घरात माणसानं संसार करू नये. रविवारपर्यंत घर मोकळं करायचं, बाईनं महाराजांच्या आश्रमाच्या शेडमध्ये राहायचं, मंदिराची देखभाल भुजंग करणार.

"मावशी, तू खरंच चालली?"

"जावं लागंल रे. बाबांचं तोंड पाह्यलं का? महाराज म्हणले, या घरात पाप झालंय, म्हणून बाबा नाराज हायेत." तिनं तांब्या पोत्यात टाकला. "मालकांनी दवाखान्यात जीव सोडला तवा मी जवळ नव्हते. भाकरी टाकायला घरी आल्ते. तेच असंल, दुसरं काय."

माझं डोकं फिरलं ते इथं. नुसतं घर बळकावलं असतं तर भांडता आलं असतं. यांनी तिच्याकडून घर तर घेतलंच, वर नवऱ्याचं मरणही तिच्याच गळ्यात बांधलं.

मी गर्दीत घुसलो आणि दाढीजवळ नाक नेलं. दाढीचा प्रत्येक केस सुरू होतो तिथं एक ठिपका, संपतो तिथं दुसरा ठिपका. माझ्या सरावाच्या वहीत असे चारशे केस आहेत. नवशिक्याची ही पहिली खोड. हात आधी हलवायचा आणि मग रंग सोडायचा, थांबताना आधी रंग बंद करायचा आणि मग हात, असं पुस्तकाच्या दुसऱ्याच धड्यात लिहिलंय. नवशिका बरोबर उलटं करतो, म्हणून दोन्ही टोकांना रंग साचतो. साक्षात सिद्धपुरुष प्रकट झाला, आणि दुसऱ्या धड्यातच नापास?

चेहराही कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत होता, म्हणून तडक घरी गेलो. इंग्रजी पुस्तक चाळलं. अकराव्या धड्यात तो म्हातारा माझ्याकडं पाहत बसला होता. कुठल्यातरी थंड देशातला नावाडी, डोक्याला लोकरीची कानटोपी. चित्रावर पेन्सिलीनं फिकट चौकोन आखलेले होते. मी ते आखले नव्हते. उन्हाळ्यात दीड महिना हे पुस्तक भुजंगच्या पोरानं, कल्याणनं, शिकायला म्हणून नेलं होतं. तो बदनापूरला गाड्यांच्या टाक्या रंगवतो.

बाराच्या आरतीला मी पुस्तक काखेत मारून हजर झालो. आरती संपल्यावर पान उघडलं आणि भिंतीशेजारी धरलं. अंगठा मुद्दाम म्हाताऱ्याच्या तोंडाच्या कोपऱ्यावर ठेवला होता.

"महाराज, हे कोण?"

महाराजांनी दोन्ही हात वर केले. "पाहा भक्तांनो, बाबा सातासमुद्रापार पण प्रकटले. पुस्तकातून पण दर्शन."

आणि काय सांगू, समोरच्या दोन बायांनी माझ्या पुस्तकाला नमस्कार केला. एकीनं कुंकूही लावलं. शंभर रुपयांना घेतलेली रद्दी ती, तिचीही पूजा झाली.

"बरं," मी म्हणालो. "पेन्सिलची रेघ न्हाई म्हणता ना?" मोबाईलची बॅटरी लावली आणि भिंतीला चिकटवून आडवी धरली. कानटोपीच्या वर रंग पातळ होता. तिथं चौकोन दिसले. मी मोठ्यानं मोजले. आडवे सहा. पुस्तकातही आडवे सहा. "चित्र मोठं करायला आम्ही पेंटर लोक चौकोन आखतो. एक चौकोन पाहायचा, एक उतरवायचा. देवाला कशाला लागतात?"

"घर कुलूपबंद होतं," भुजंग म्हणाला.

"मावशी, चावी कुणाकडं ठेवून गेल्ती?"

गोजरबाईचा हात पोत्यातच थांबला. "भुजंगभाऊजींकडं. भिंतीला चुना मारून देतो म्हणले व्हते."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. भुजंग दाराकडं सरकला. कल्याण मात्र खांबाला टेकून खाली मान घालून उभा होता.

"कल्याण," मी म्हणालो, "केसाच्या टोकाला ठिपके का येऊन राह्यले तुझ्या?"

"हात जल्दी थांबतो, काका." सवयीनं बोलून गेला, आणि मग सगळी खोली त्याच्याकडं वळली. पोरगं रडायलाच आलं. "माझ्या वडलांनी सांगितलं म्हणून काढलं. घर आपल्यातच राहतंय, म्हणले. काकूला शेडमधी टाकणार हे मला ठावं नव्हतं."

महाराजांनी घाईघाईनं दक्षिणेचं ताट उचललं. नारळवाल्यानं त्यांना ओट्याचं भाडं आगाऊ दिलं होतं, ते परत मागत तो त्यांच्या मागं लागला.

गोजरबाईला यातलं काही दिसत नव्हतं. ती भिंतीपुढं येऊन उभी राहिली. "चित्र तं चित्र. पण मंग तोंड वाकडं का काढलं रे पोरा? माझ्यासाठीच ना?"

मी पुस्तकावरचा अंगठा काढला. नावाड्याच्या तोंडात, कोपऱ्यात दाबून धरलेला, तंबाखूचा पाईप होता.

"पाईप ठेवला तं बाबा कसे दिसतील, म्हणून तेवढा गाळला," कल्याण म्हणाला. "तोंड सरळ करायचा धडा पुस्तकात न्हाई."

गोजरबाईनं पानाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, परत पानाकडं पाहिलं. "म्हंजी हा माझ्यावर नाराज नव्हता?"

"न्हाई मावशी. हा चिलीम ओढून राह्यला होता."

ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. चार वर्षांचं रडणं होतं ते, सगळ्यांना कळलं. पुस्तकाला कुंकू लावणाऱ्या बाईनंच तिला पाणी आणून दिलं. मग गोजरबाई उठली, पोत्यातला तांब्या काढून फळीवर ठेवला आणि मला म्हणाली, "जा, तुझं ते यंत्र आण. काढ याची चिलीम."

मी कंप्रेसर आणला. आधी हात हलवला, मग रंग सोडला; आधी रंग बंद केला, मग हात. पाईप झकास उतरला, दोन्ही टोकांना एकही ठिपका न येता. आणि गंमत अशी, की पाईप आला तसं ते तोंड वाकडं दिसायचं थांबलं. भलामाणूस दिसायला लागला बिचारा.

भिंतीला पुन्हा चुना मारू का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली.

आता कुठं काही प्रकटलं की लोक गोजरबाईला न्यायला येतात. ती जाते, नारळ फोडत नाही, हात जोडत नाही, उंबऱ्यावर उभी राहून सगळ्यांदेखत दोनच गोष्टी विचारते. "देव आला तवा चावी कुणाकडं व्हती? आणि देव आला म्हणून घराबाहेर कोण निघून राह्यलं?"