वेंडेल स्टकीचे अकरा सामने

ब्रॅनिगन कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तुमचं काम काय, असं वेंडेल स्टकीला कुणी विचारलं तर तो म्हणे, "नकार ऐकणं." यात खोटं काही नव्हतं. मुख्य कोच डेल ओव्हरमायर पोरांना खेळ शिकवी. वेंडेल एकोणीस वर्षं त्याचा दुय्यम. तो एप्रिल-मे कानाला फोन लावून बसे आणि पुढच्या हिवाळ्याचे सामने जमवी. गटातल्या दहा कॉलेजांशी होणारे अठरा सामने आपोआप ठरत. गटाबाहेरचे अकरा मात्र ज्याचे त्यानं बघायचे, घरात लग्नाची पोर असावी तसे. बड्यांना हे स्थळ नको, कारण ब्रॅनिगनकडून हरलं तर अब्रू जाते आणि जिंकलं तर कौतुक होत नाही. लहानांना तर हरायची हौसच नाही.

गेल्या वर्षी वेंडेलनं सोप्या सोयरिकी जुळवल्या होत्या. संघानं सत्तावीस सामने जिंकले, सहा हरले. पण अठरा सामन्यांनंतर गटाची बाद स्पर्धा होते, तिची अंतिम लढत एका गुणानं गेली. गट जिंकणाऱ्याला मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. बाकीच्यांनी निवड समितीच्या तोंडाकडे बघायचं. समितीनं विचारलं, सत्तावीस जिंकलात खरे, पण कुणाविरुद्ध? आणि यादीत ब्रॅनिगनचं नाव आलं नाही.

इंडियानातलं गाव ते. तिथं पाळण्यातल्या पोरालाही बास्केटबॉलमधलं कळतं. सकाळच्या कॉफीला वेंडेल नेहमीच्या खानावळीत गेला, तर मालकीण डॉट म्हणाली, "पुढल्या वर्षी चर्चच्या भजनी मंडळाशी लाव सामना. तेवढेच राहिलेत."

"त्यांच्याकडे उंच माणसं आहेत, डॉट. नाही जमायचं."

गावाचं बोलणं त्यानं हसण्यावारी नेलं. ओगीचं तसं नेता येत नव्हतं. ओगी, म्हणजे टेरेन्स ओगल्सबी, हा संघाचा जीव. उंची सहा फूट एक इंच, पण उडी मारून चेंडू टाकताना हात असा सहज सुटे की बघणाऱ्याला वाटावं, आपल्यालाही जमेल. त्याचं शेवटचं वर्ष उरलं होतं आणि दोन बडी विद्यापीठं त्याला बोलावत होती. वेंडेल तीन तास गाडी हाकत गॅरी शहरात त्याच्या घरी गेला आणि त्याच्या आईसमोर, व्हर्नेटाबाईंसमोर बसला.

"यंदा असे सामने ठरवतो की समितीला नाही म्हणता येणार नाही," तो म्हणाला. "ओगी मार्चमध्ये खेळेल. शब्द देतो."

"शब्दाला काय लागतं, कोच?" बाई म्हणाल्या. त्या इस्पितळात परिचारिका होत्या. दिवसभर डॉक्टरांचे शब्द ऐकत.

तरी ओगी राहिला. "कोच सांगतायत ना, मग झालं," म्हणाला.

मे महिन्याच्या शेवटी वेंडेलनं यादी ओव्हरमायरपुढे ठेवली. अकरापैकी नऊ संघ देशातले नामांकित, आणि त्यातले सात सामने त्यांच्याच घरी जाऊन खेळायचे.

"हे वेळापत्रक आहे की मयतीची वर्दी?" ओव्हरमायरनं विचारलं.

"मार खाल्ल्यावर हाडं घट्ट होतात, डेल."

"मोडलेली हाडं घट्ट होतात, हे तुला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं रे?"

पण सही त्यानंही केली. गेला मार्च त्यालाही पचला नव्हता.

नोव्हेंबर उजाडला आणि मार सुरू झाला. पहिला सामना चार गुणांनी गेला, दुसरा सहा, तिसरा एकोणीस. समितीचा हिशेब मात्र निराळा. बड्याकडून त्याच्या घरी हरलात तर फारसं बिघडत नाही. उलट तो बडा पुढे जितका जिंकेल तितकी तुमच्या हरण्याचीही किंमत वाढते. त्यामुळे ज्यांनी आपल्याला तुडवलं त्यांचं भलं चिंतत वेंडेल दर शनिवारी टीव्हीपुढे बसे. आपल्या चोराला बढती मिळावी म्हणून नवस करणारा हा एकच माणूस.

अकरातले दोन लहान संघ ब्रॅनिगननं हरवले, पण नऊ बड्यांपैकी एकालाच, हॅलोरन विद्यापीठाला, त्यांच्या घरी, दोन गुणांनी. त्या दिवशी बसमध्ये पोरं घसा बसेपर्यंत गात होती. जानेवारीत हॅलोरनच्या सेंटरचा, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या उंच पोराचा, गुडघा गेला आणि तो संघ ओळीनं बारा सामने हरला. दर पराभवाबरोबर ब्रॅनिगनचा तो एकुलता विजय स्वस्त होत गेला.

"ऊठ रे बाबा, ऊठ!" वेंडेल पडद्यावरच्या त्या लंगड्या पोराला विनवत होता.

"कोण लागतो तुझा?" बायको लोरेननं विचारलं. "माझा गुडघा दुखतो तेव्हा मान तरी वळवतोस का?"

हे सगळं सोसण्यासारखं होतं. सोसवत नव्हतं ते दुसरंच. सतरा डिसेंबरला, सातव्या सामन्यात, सात फुटी पोरांच्या एका संघानं ओगीचे चार चेंडू हवेतच फटकावले. चौथा तर प्रेक्षकांत गेला आणि सगळं सभागृह हसलं. दुसऱ्या दिवशी सरावात वेंडेलला दिसलं की ओगीचा चेंडू हातात अर्धा क्षण जास्त राहतोय. समोर कुणी नसताना. वर जायचं, क्षणभर कुणाची तरी वाट बघायची आणि मग सोडायचा. ओव्हरमायरची नजर पोरांच्या पायांवर असे. त्याला दिसलं नाही.

वेंडेलनं स्वतःला समजावलं, जाईल आपोआप. बोलायचं म्हणजे हे कशामुळे झालं तेही सांगावं लागणार, आणि ते ज्यानं ठरवलं त्याचं नावही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. गटात ब्रॅनिगननं अठरापैकी चौदा जिंकले. ओगी आत घुसून, पास देऊन भागवून नेत होता. आकड्यांत काही दिसत नव्हतं. आकड्यांवर आयुष्य काढलेल्या वेंडेलला तेवढा आडोसा पुरला.

बाद स्पर्धेतले पहिले दोन सामनेही जिंकून, एकोणीस विजय, बारा पराभव, अशा हिशेबानं ते मार्चमधल्या एका मंगळवारी गटाच्या अंतिम सामन्याला उभे राहिले. समितीकडून असलेली आशा संपली होती. आता जिंकलं तरच मार्च. आठ सेकंद उरले, एक गुण कमी, चेंडू ओगीकडे. समोर होता पाच फूट दहा इंचाचा एक बुटका पोरगा, दमून कमरेवर हात ठेवलेला. गेल्या वर्षीच्या ओगीनं त्याच्या डोक्यावरून डोळे मिटून टाकला असता.

ओगी वर गेला. अर्धा क्षण थांबला. नसलेल्या सात फुटी हाताला हुलकावणी देऊन त्यानं चेंडू कोपऱ्यात फेकला. कोपऱ्यातला खेळाडू बास्केटकडे बघत होता. सगळेच तिकडे बघत होते. चेंडू त्याच्या खांद्याला लागून बाहेर गेला.

एकोणीस विजय, तेरा पराभव.

रविवारी संध्याकाळी रीतीप्रमाणे सगळे व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या मांडून टीव्हीपुढे बसले. आशा नव्हती, पण पिझ्झा आधीच सांगून ठेवला होता. एकेक करून अडुसष्ट नावं झाली. ज्यांना समितीनं हात धरून वर घेतलं, त्यांत एकोणतीस विजयांचं एक कॉलेज होतं. त्यांच्या वेळापत्रकात नाव घ्यावं असा एक संघ नव्हता. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "शेवटी जिंकणं ते जिंकणंच."

ओव्हरमायर इतका हसला की त्याला खोकला आला. मग तो उठला आणि वेंडेलकडे न बघता बाहेर गेला.

पोरं पांगली. ओगी एकटा खुर्च्या मिटत राहिला. वेंडेलही मिटू लागला. दोन ओळी मिटून झाल्यावर ओगी म्हणाला,

"कोच, माझा हात अडतो हे तुम्हाला कधी दिसलं?"

फेब्रुवारी म्हणावं, असं वेंडेलच्या मनात येऊन गेलं. फेब्रुवारी म्हटलं तर वेळ उरला नव्हता असं तरी म्हणता आलं असतं.

"अठरा डिसेंबरला," तो म्हणाला. "सरावात."

ओगीनं मान डोलावली. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला त्याच रात्री कळलं होतं," तो म्हणाला. "पण तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, कोच सगळ्याचा हिशेब ठेवतात. ते बोलत नाहीत म्हणजे तेवढं वाईट नसेल."

वेंडेलनं हातातली खुर्ची पुन्हा उघडली आणि तिच्यावर बसला.

"पोलंडच्या धंदेवाईक संघाचा तो माणूस तुला पगारावर घ्यायला फोन करणार होता ना?"

"केला ना. मंगळवारचा सामना बघितला म्हणाला." ओगीनं चार खुर्च्या एका काखेत मारल्या. "मामाचा छपरं घालायचा धंदा आहे गॅरीत. तो विचारतोय कधीपासून."

"ओगी, मी..."

"तेवढी एक राहिलीय, कोच. तुम्ही बसलायत ती. ती आणा, म्हणजे दार लावता येईल."