सूर्याला न दिलेला दात

परवाना समितीचे अध्यक्ष डॉक्टर नाजी यांनी चष्मा काढून पुसला आणि दोनशे बारा मुलांच्या रक्ततपासणीचे कागद बाजूला सारले.

"शिसं आहे, कोण नाही म्हणतंय? पण हे बसरा आहे, बाई. इथे एवढी युद्धं झाली, मातीतच मुरलंय ते. भट्टीवाल्यांना कशाला धरता?"

इब्तिहालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या बॅटऱ्या वितळवणारी ती भट्टी वस्तीच्या उशाशी येऊन आठ वर्षं झाली होती. महिनाअखेरीला तिचा परवाना आणखी दहा वर्षांसाठी वाढणार होता. इब्तिहाल चार वर्षं त्या वस्तीतल्या पोरांचं रक्त तपासत होती, आणि हा गृहस्थ संपलेल्या युद्धांवर खापर फोडून मोकळा होत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे तर संन्यासीही केव्हाच निघून गेलेला.

"शिसं भट्टीनंतरचं आहे हे दाखवलं तर?"

"दाखवा की," नाजी हसले. "रक्तावर तारीख लिहिलेली असते का?"

रक्तावर नसते, पण दातावर असते. दुधाचा दात थराथराने वाढतो आणि त्या त्या काळात पोटात गेलेलं शिसं त्या त्या थरात बसतं. भट्टी यायच्या थोडं आधी जन्मलेल्या मुलांच्या दाढा आता पडत होत्या. तिने वस्तीत निरोप धाडला, जपून ठेवलेले दात घेऊन या. उम्म जासिमच्या, म्हणजे जासिमच्या आईच्या, अंगणात बायका जमल्या, वाळल्या लिंबाचा काळा चहा झाला, पण एकीच्याही हातात दात नव्हता.

"दात कोण ठेवतं गं, डॉक्टरबाई?" उम्म जासिम म्हणाली. "तू बसऱ्याचीच ना? का शिकलीस आणि विसरलीस?"

विसरलीच होती. इथे पोरं पडलेला दात सूर्याकडे भिरकावतात: गाढवाचा घे, हरणाचा दे. तिनेही लहानपणी सगळे दात असेच भिरकावले होते. पुस्तकातली युक्ती लक्षात राहिली आणि घरची रीत राहिली नाही, याचा तिला स्वतःचाच राग आला.

"मग आता पडतील ते तरी द्या."

"आणि नवा वाकडा आला तर? माझ्या पोरीला नवरा तू शोधणार का?"

बायका खिदळल्या. इब्तिहालचा तोल गेला.

"सूर्य सूर्य काय करता? वर बघा जरा. भट्टीच्या धुरात दिसतो तरी का तो इथे?"

हसणं थांबलं. कोपऱ्यात बसलेली उम्म कर्रार उठली आणि निघून गेली. इब्तिहालने जीभ चावली. त्या दोनशे बारा कागदांत सगळ्यात मोठा आकडा हिच्या कर्रारचा होता. गेल्या हिवाळ्यात झटके येऊन तो गेला, नऊ वर्षांचा असताना.

थोड्या वेळाने उम्म कर्रार परत आली. हातात सुरम्याची छोटी डबी होती आणि डबीत एक दाढ.

"पडली त्या सकाळी गच्चीवर गेला," ती म्हणाली. "धुरात सूर्य दिसेना. मी म्हटलं, टाक रे कुठेही. तर म्हणतो, युम्मा, त्याने बघितल्याशिवाय तो नवा देईल कसा? आठवडाभर रोज वर जाऊन उभा राहायचा. मग झटके सुरू झाले."

इब्तिहालला खोटं बोलवेना. "ही कापावी लागेल. परत मिळणार नाही."

"काप. पण त्याला नंबर देऊ नकोस. नाव लिही." मग ती बायकांकडे वळली. "आणि तुम्ही गं? तुमची पोरं अजून जिवंत आहेत. दात वाकडे येऊ देत, पण येऊ देत."

तीन आठवड्यांत एकोणीस दाढा जमल्या. एकोणीसही दाढांनी एकच साक्ष दिली: आधीचे थर जवळजवळ स्वच्छ, आणि भट्टी पेटली त्या वर्षापासून पुढे शिसंच शिसं.

नाजींनी अहवाल चाळला. पुरावा खोडता येईना, तेव्हा त्यांनी नियम काढला. "सगळ्यांना नंबर आणि एकाला नाव? हा कर्रार कोण?"

इब्तिहालने दार उघडलं. बाहेर बाकावर उम्म कर्रार बसली होती, रिकामी डबी मुठीत धरून.

"ही त्याची आई. भट्टी आली तेव्हा तो दीड वर्षाचा होता. त्याला कुठल्या युद्धाने मारलं, ते तुम्हीच हिला सांगा."

नाजी खिडकीबाहेर बघू लागले. उम्म कर्रार आत आली आणि तिने डबी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"द्या परवाना, साहेब," ती म्हणाली. "पण आधी माझ्या गच्चीवर चला आणि मला सूर्य दाखवा."

त्या दिवशी परवान्यावर सही झाली नाही.